फाटकाबाहेरची रात्र कोणाच्या खात्यावर?



कापसाच्या हंगामात रात्री अकरा वाजता जिनिंगच्या फाटकाबाहेर काय असते, हे आपल्यापैकी बहुतेकांनी कधी ना कधी भोगले आहे. ज्याची गाडी दिवसा आत गेली तो घरी आला आणि झोपला. ज्याची राहिली तो तिथेच राहिला. दुसऱ्या दिवशी गावात परतल्यावर त्याने दोन शिव्या सरकारला दिल्या, दोन ग्रेडरला दिल्या आणि चार गाडीवाल्याला. कारण गाडीवाल्याने भाड्यावर हॉल्टिंग मागितले होते.

या चार शिव्यांबद्दल आज बोलायचे आहे.

मागच्या हंगामात आम्ही जिल्हा शाखेचे पाच कार्यकर्ते एका खरेदी केंद्रावर रात्री मुद्दाम गेलो. केंद्राचे नाव लिहीत नाही. कोणत्याही केंद्राचे लिहिले असते तरी वाचणाऱ्याला ते आपलेच वाटले असते. फाटकापासून रस्त्याच्या कडेने रांग लागलेली. ट्रॅक्टर-ट्रॉल्या, मेटाडोर, छोटे हत्ती, मधूनच एखादा मोठा ट्रक. संध्याकाळी सहाला आतून निरोप आला होता की गंजी लावायला जागा नाही, काटा बंद, आता उद्या. उद्या किती वाजता, हे कोणी सांगितले नाही. विचारावे तर फाटकावर एक चौकीदार, आणि त्यालाही काही माहीत नाही.

एका मेटाडोरच्या केबिनमध्ये ड्रायव्हर आणि कापसाचे मालक असे दोघे बसले होते. मालक साठीच्या पुढचे. ड्रायव्हर तिशीतला. सकाळी निघून संध्याकाळी परत, अशा बोलीवर भाडे ठरलेले. म्हणून ड्रायव्हरने घरून गोधडी आणली नव्हती, डबाही एका वेळचाच. दुसऱ्या दिवशी त्याला दुसऱ्या गावचे भाडे होते, तेही गेले. आम्ही विचारले, "दादा, चहा तरी घेतला का?" तो म्हणाला, "कुठून घेऊ भाऊ? मागं कापूस हाय. काडी पेटवली तर काकाचं वर्ष जळन."

एवढ्या एका वाक्यात सगळे आले. ज्वारीचे पोते भरलेला ट्रक रस्त्यात अडकला तर ड्रायव्हर गाडीच्या आडोशाला स्टोव्ह पेटवतो, खिचडी टाकतो, चहा करतो. कापसाच्या गाडीत ते नाही. पुढे गाडी, मागे गाडी, सगळ्यांत कापूस. थंडीचे दिवस, आणि शेकोटी करायची सोय नाही. बिडी ओढायची तर रांग सोडून दूर जावे लागते. दूर जावे तर गाडी उघडी पडते. डिझेल काढणारे रात्रीच येतात, बॅटरी सोडणारेही रात्रीच येतात. झोपावे तर रांग कधी हलेल याचा नेम नाही. रांग हलली आणि आपण झोपेत राहिलो तर मागची गाडी पुढे जाते आणि आपला आणखी एक दिवस मोडतो.

शेजारी बसलेल्या काकांची गत काय वेगळी होती? त्यांना गाडीखाली जाऊन पाठ टेकवायची होती, पण ताडपत्री एकच, आणि ती कापसावर. दोघेही एका केबिनमध्ये गुडघे पोटाशी घेऊन बसले होते. एकाला भाडे परवडत नव्हते, दुसऱ्याला भाव. दोघांचाही हिशेब ज्याने मोडला तो त्या रात्री आपल्या घरी झोपला होता.

चाकांवरचे गोदाम

आता हिशेब करू. संघटनेने आपल्याला हिशेब करायला शिकवले, रडायला नाही.

समजा गाडीत २० क्विंटल कापूस आहे आणि गाडीवाल्याने एका रात्रीचे १,००० रुपये हॉल्टिंग मागितले. क्विंटलमागे ५० रुपये झाले. दोन रात्री काढल्या तर १००. केंद्र सरकारने २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाची आधारभूत किंमत ८,११० रुपये जाहीर केली. आदल्या वर्षी ती ७,५२१ होती. वाढ ५८९ रुपयांची. या वाढीचे ढोल किती वाजले ते आपण ऐकले. त्यातले १०० रुपये फाटकाबाहेरच्या दोन रात्रींनी खाल्ले, त्याचा आवाज मात्र कोणी ऐकला नाही.

हे झाले भाड्याचे. आता मालाचे पाहा. हमीभावाने कापूस घेताना ओलावा मोजतात. ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव. त्याच्या वर प्रत्येक टक्क्याला भावातला एक टक्का कापतात, म्हणजे साधारण ८१ रुपये. १२ टक्क्यांच्या वर गेला तर गाडी परत. कापूस घरून निघाला तेव्हा कोरडा होता. रात्रभर उघड्यावर उभा राहिला, ताडपत्री पुरली नाही, पहाटे दव पडले, वरचा थर ओलसर झाला. सकाळी ग्रेडर येतो, वरच्याच थरात यंत्र खुपसतो आणि आकडा वाचतो. तो आकडा तुमच्या शेतातला आहे की त्याच्या फाटकाबाहेरचा? उलट, दोन दिवस उन्हात उभा राहिला तर कापूस वाळतो आणि वजन घटते. ओला झाला तरी शेतकऱ्याचे नुकसान, वाळला तरी शेतकऱ्याचेच.

मग या उभ्या गाड्यांमुळे फायदा कोणाचा होतो? विचार करा. ज्याला माल घ्यायचा आहे त्याच्याकडे गंजी लावायला जागा हवी, छप्पर हवे, रखवालदार हवा, मापारी आणि हमाल हवेत, ग्रेडर दिवसभर हजर हवा. या प्रत्येक गोष्टीला पैसा लागतो. जागा कमी ठेवली, माणसे कमी ठेवली, तर तो पैसा वाचतो. माल कुठे ठेवायचा? शेतकऱ्याच्या ट्रॉलीत आणि गाडीवाल्याच्या हौद्यात. राखण कोणी करायची? ड्रायव्हरने. छप्पर कोणाचे? ताडपत्री शेतकऱ्याची. खरेदीदाराला चाकांवरचे गोदाम मिळाले, रखवालदारासकट, आणि भाडे शून्य.

ही गोष्ट नीट लक्षात घ्या. ड्रायव्हरने केबिनमध्ये काढलेली रात्र म्हणजे अपघाताने आलेली अडचण नाही. ती कोणाच्या तरी ताळेबंदातली बचत आहे. गाडीवाला ती रात्र आपल्याकडून वसूल करतो, कारण त्याला खरेदीदाराच्या टेबलापर्यंत जाता येत नाही. आणि आपण ती कोणाकडूनच वसूल करू शकत नाही, म्हणून गाडीवाल्याला शिव्या देतो.

बैलगाडीपासून छोट्या हत्तीपर्यंत

जुन्या माणसांना हे नवीन नाही. १९७२ मध्ये या राज्यात कापूस एकाधिकार खरेदी सुरू झाली. सरकार सोडून दुसऱ्याला कापूस विकायचा नाही, राज्याबाहेर न्यायचा नाही. शेजारच्या राज्यात भाव जास्त असला तरी सीमेवर पोलीस उभे. त्या काळी केंद्रावर बैलगाड्यांच्या रांगा लागत. बैल रस्त्याच्या कडेला बांधलेले, वैरण घरून आणलेली, ती संपली की विकत. चार-चार दिवस माणसे गाडीखाली झोपत. २००२ नंतर खासगी व्यापाऱ्याला मोकळीक मिळाली. बैलगाडी गेली, ट्रॉली आली, छोटा हत्ती आला. रात्र तीच राहिली.

असे का? बाजारात भाव हमीभावाच्या खाली गेला की व्यापाऱ्याच्या दारात कोणी जात नाही, सगळे सरकारी खरेदीच्या दारात येतात. म्हणजे एकाधिकार कागदावरून गेला, पण पडत्या भावात तो परत उभा राहतो. एकच गिऱ्हाईक, एकच फाटक, आणि बाहेर सगळा तालुका. आणि भाव पडतो कशाने, हेही आपल्याला ठाऊक आहे. १९ ऑगस्ट २०२५ रोजी केंद्राने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क माफ केले. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग मुदत वाढवून ३१ डिसेंबरपर्यंत. म्हणजे नेमका आपला कापूस घरात येतो तोच काळ. गिरणीवाल्याला बाहेरचा कापूस स्वस्त झाला, आणि आपली गाडी हमीभावाच्या रांगेत गेली. दिल्लीतल्या सहीची आणि केबिनमधल्या त्या रात्रीची सांधेजोड अशी आहे.

ज्वारीवाल्यांनी हसू नये. ज्वारीची आधारभूत किंमत २०२५-२६ ला संकरितसाठी ३,६९९ आणि मालदांडीसाठी ३,७४९ रुपये होती. केंद्र उघडले तर बारदाना नसतो, बारदाना आला तर गोदाम भरलेले असते. खरिपाची ज्वारी पावसात सापडली की काळी पडते, हे सांगायला कृषी विद्यापीठ लागत नाही. बारदान्याची वाट पाहत उभ्या राहिलेल्या गाडीवर अवकाळी आला, तर त्या ज्वारीला मग कोण हात लावतो?

रात्री निघणारे हुकूम

फाटकाबाहेरची रात्र ही एक जात झाली. दुसरी जात त्याहून वाईट. ती सरकार एका कागदाने देशभरच्या रस्त्यांवर पाडते.

५ मार्च २०१२ रोजी कापसाची निर्यात बंद केल्याचा हुकूम निघाला. आधी नोंदणी केलेल्या मालालाही तो लागू. ओरड झाली, आठवडाभराने सरकारला तो सैल करावा लागला. १४ सप्टेंबर २०२० रोजी कांद्याची निर्यात बंद केली. बांगलादेशच्या सीमेवर कांद्याचे ट्रक रांगेत होते, ते तिथेच थांबले. ८ डिसेंबर २०२३ पासून पुन्हा कांदा बंद. हुकूम काढणाऱ्याने एकदा तरी विचार केला का, की हुकूम निघाला त्या घटकेला किती गाड्या रस्त्यावर आहेत? त्या गाडीत माल आपला, आणि केबिनमध्ये माणूस आपल्यासारखाच. त्याला ना पुढे जाता येते, ना माल उतरवता येतो. कांदा सडायला लागतो आणि ड्रायव्हर त्याच वासात झोपतो.

२४ मार्च २०२० ची रात्र तर कोणीच विसरणार नाही. आठ वाजता घोषणा, बारा वाजता देश बंद. टाळेबंदीची गरज होती की नव्हती, हा वाद वेगळा. पण ज्या गाड्या घरापासून शेकडो मैलांवर होत्या त्यांचे काय, याचे उत्तर त्या चार तासांत कोणाकडे नव्हते. ढाबे बंद, गॅरेज बंद, पंक्चरवाला बंद, गावोगावी वेशी बंद. ड्रायव्हर आठवडे-आठवडे केबिनमध्ये राहिले. त्याच वेळी कापसाची खरेदीही थांबली, आणि पुन्हा सुरू झाली तेव्हा दिवसाला मोजक्याच गाड्या आत घेत होते. कापूस आपल्या घरात आणि गाडीवाला रस्त्यात, असे दोघेही एकाच कुलपाखाली होतो.

कागदाला घड्याळ, फाटकाला नाही

सरकार सांगेल की आम्ही सुधारणा केल्या. काही केल्या, ते कबूल. मुंबईची जकात १ जुलै २०१७ ला वस्तू व सेवा कर आला तेव्हा गेली. राज्यांच्या सीमेवरचे विक्रीकराचे नाके उठले. नाक्यावर अर्धी-अर्धी रात्र घालवणाऱ्या ड्रायव्हरला त्याचा उपयोग झाला. नाके उठावेत ही आपली जुनीच मागणी होती.

पण नाक्याच्या जागी ई-वे बिल आले. २०१८ पासून सुरू झाले. जिनिंगमधून गाठी भरून गिरणीकडे निघालेल्या ट्रकला ते लागते. त्याची मुदत अंतरावर ठरते. १ जानेवारी २०२१ पासून दर २०० किलोमीटरला एक दिवस. मुदत संपली आणि वाढवून घेतली नाही, तर गाडी अडवून दंड लावता येतो. ठीक आहे, शिस्त हवी. मग आमचा साधा प्रश्न आहे. ड्रायव्हर उशिरा पोहोचला तर त्याचा कागद मरतो. ड्रायव्हर वेळेवर पोहोचला आणि फाटकच दोन दिवस उघडले नाही, तर कोणाचा कागद मरतो? रस्त्यावरच्या माणसाला तासाचे बंधन आणि आत बसलेल्याला दिवसाचेही नाही, हा कुठला कायदा?

कायद्याचेच बोलायचे तर १९६१ चा मोटार वाहतूक कामगार कायदा बघा. दिवसाला ८ तास काम, आठवड्याला ४८. पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती. जिथे कामगाराला रात्रीचा मुक्काम करावा लागतो तिथे मालकाने विश्रांतीची खोली द्यावी, असेही त्यात लिहिले होते. साठ वर्षांत अशी किती खोल्या तुम्ही पाहिल्या? आणि हा कायदा पाच किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनेलाच लागू होता. आपल्या गावातला छोटा हत्तीवाला बँकेचे हप्ते भरत स्वतःच गाडी चालवतो. तो मालकही तोच आणि कामगारही तोच. त्याची खोली कोणी बांधायची? २०२० मध्ये हा कायदा नव्या कामगार संहितेत विरघळवून टाकला. फाटकाबाहेरच्या केबिनमध्ये त्याचा उजेड अजून पोहोचलेला नाही.

आणखी एक नवलाई. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या साडेतीन टनांवरच्या मालगाड्यांच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचे केले. वैशाखातल्या विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हात गाडी हाकणाऱ्याला थंड हवा मिळणार असेल तर आमचे दुखणे नाही. त्याला ती आधीच मिळायला हवी होती. पण जुन्या गाड्यांना हा नियम नाही, छोट्या हत्तीला नाही. आणि उभ्या गाडीत ती हवा हवी तर इंजिन चालू ठेवावे लागते. रात्रभराचे डिझेल कोण देणार? माणूस केबिनमध्ये रात्र का काढतो, हे न विचारता केबिन थंड करून दिली.

जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत ड्रायव्हरांनी गाड्या उभ्या केल्या, ते आठवा. भारतीय न्याय संहितेतल्या कलम १०६(२) मध्ये अपघात करून न कळवता पळून गेलेल्याला १० वर्षांपर्यंतची शिक्षा लिहिली होती. पेट्रोल पंपावर आपल्या रांगा लागल्या आणि आपणही ड्रायव्हरांना नावे ठेवली. सरकारने चर्चेचे आश्वासन दिले, आणि १ जुलै २०२४ ला संहिता लागू झाली तेव्हा ते कलम बाजूला ठेवले. अपघातात आपलीही माणसे मरतात. त्यांना न्याय हवाच. पण दोन रात्री न झोपलेला माणूस तिसऱ्या दिवशी स्टिअरिंगवर बसतो, तेव्हा त्या दोन रात्री ज्याने काढायला लावल्या त्याच्यावर कोणते कलम लागते? ते कलम कोणत्याच संहितेत नाही.

आमचीही झाडाझडती

दुसऱ्याचे कान धरण्याआधी आपले धरू.

रस्ता रोको हे आपले हत्यार. १९८० च्या नोव्हेंबरात नाशिक जिल्ह्यात ऊस-कांद्याच्या भावासाठी मुंबई-आग्रा रस्ता अडला. १० डिसेंबर १९८६ रोजी कापसाच्या आंदोलनात हिंगोलीजवळ सुरेगावला पोलिसांच्या गोळीबारात आपले तीन भाऊ गेले. त्या रस्त्याची किंमत आपण रक्ताने मोजली आहे, ती कोणी आपल्याला शिकवू नये. पण प्रत्येक रस्ता रोकोत गाड्यांच्या रांगा लागल्या आणि त्या गाड्यांत माणसे होती. गावोगावच्या मायबहिणींनी त्यांना भाकरी-पिठले नेऊन दिले, हे खरे. ती रात्र त्यांच्यावर आपण आणली, हेही खरे. आपला भांडणतंटा त्यांच्याशी नव्हता. यापुढे रस्ता रोको करायचा तर आधी जाहीर करावा, नाशवंत मालाच्या आणि दवाखान्याच्या गाड्या सोडाव्यात, आणि अडकलेल्या प्रत्येक ड्रायव्हरच्या जेवणाची, पाण्याची, राखणीची जबाबदारी जवळच्या शाखेने घ्यावी, असे आम्ही जिल्हा बैठकीपुढे मांडणार आहोत.

दुसरी चूक भाडे ठरवतानाची. "लगेच मोकळा करतो" असे सांगून आपण गाडी नेतो. मोकळी होणार नाही हे आपल्याला माहीत असते. मग हॉल्टिंगवरून रस्त्यात तंटा. बोलतानाच मोकळे बोलावे. रात्र झाली तर किती, जेवण कोणाचे, राखण कोणी करायची, हे निघण्याआधी ठरवावे. गोधडी, पाण्याची कॅन, चिवडा-भाकरी, जास्तीची ताडपत्री गाडीत टाकावी. गाड्या चार असतील तर रात्रीचे पहारे वाटून घ्यावेत, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला काही तास झोप येते. हे सगळे ड्रायव्हर मंडळी न सांगता करतात. गाडीचे तोंड रस्त्याकडे ठेवतात, डिझेलच्या टाकीला कुलूप लावतात, शेजारच्या गाडीवाल्याला सांगून डोळा लावतात. त्यांचे हे शहाणपण आपणही घ्यावे. मात्र हे शहाणपण फक्त रात्र काढायच्या कामाचे आहे. पुढच्या रात्री त्याने टळत नाहीत.

आणि मायबहिणींचे काय? कापूस वेचला त्यांनी. विधवा बहीण, एकटी बहीण स्वतः माल घेऊन केंद्रावर येते. रात्र झाली तर तिने कुठे जायचे? केंद्रावर संडास नाही, दिवा नाही. माल सोडून घरी जावे तर माल दुसऱ्याच्या भरवशावर. म्हणून ती पडत्या भावात गावातल्या खेडा खरेदीवाल्याला कापूस देऊन टाकते. फाटकाबाहेरच्या रात्रीची सर्वांत मोठी किंमत तीच मोजते, आणि तिचे नाव रांगेत कधी दिसतच नाही.

ॲपने रांग हटली काय?

साहेब लोक म्हणतील, आता रांगेचा प्रश्नच नाही. २०२५ पासून कपास किसान नावाचे मोबाइल ॲप आले. घरबसल्या नोंदणी करा, दिवस निवडा, त्या दिवशी या.

दिवस ठरवून देण्याला आमचा विरोध नाही. तेवढे पुढे गेले तर बरेच आहे. पण करार दोन बाजूंचा असतो. ठरल्या दिवशी शेतकरी आला नाही तर त्याची पाळी जाते. ठरल्या दिवशी शेतकरी आला आणि काटाच झाला नाही, तर केंद्राचे काय जाते? काहीच नाही. ज्या करारात एकाच बाजूने वेळ पाळायची, त्याला आपल्या गावात वेठ म्हणतात. ॲपमुळे वेठीचा हुकूम मोबाइलवर आला, एवढाच फरक.

कोणी म्हणेल, तुम्ही शेतकरी एकदम गर्दी करता. गर्दी का होते? दसरा-दिवाळीला पैसा लागतो, सोसायटीचे आणि सावकाराचे देणे अंगावर असते, रब्बीची पेरणी तोंडावर असते, घरात कापूस ठेवायला जागा नसते आणि ठेवला तर अंगाला खाज सुटते. ज्याच्या अंगावर कर्ज आहे त्याला थांबता येत नाही, आणि त्याला थांबता येत नाही हे समोरच्याला माहीत आहे. रांग त्यातूनच लांबते.

आमच्या मागण्या

आम्ही ड्रायव्हरसाठी अनुदान मागत नाही आणि शेतकऱ्यासाठी सूटही मागत नाही. वेळ ही किमतीची वस्तू आहे. ज्याने वापरली त्याने दाम मोजावा, एवढेच म्हणणे आहे.

१. गाडी फाटकावर आली की लगेच तारीख आणि वेळ घातलेली पावती द्यावी. आज वेळेचा पुरावाच नसतो, म्हणून दावाही नसतो.

२. ओलाव्याचा नमुना गाडी आली त्याच दिवशी, शेतकऱ्यासमोर, वरच्या आणि आतल्या अशा दोन्ही थरांतून घ्यावा. नंतर फाटकाबाहेर पडलेल्या दवाची कपात शेतकऱ्यावर लावू नये.

३. पावतीच्या वेळेपासून सहा तासांत काटा झाला नाही तर पुढच्या वेळेचे हॉल्टिंग खरेदीदाराने द्यावे. ते कापसाच्या बिलात वेगळ्या ओळीने दाखवावे, म्हणजे ते गाडीवाल्याच्या हाती पोहोचेल.

४. प्रत्येक केंद्राबाहेर पाणी, संडास, दिवे आणि रात्रीचा पहारा हवा. कापसाच्या गाड्यांपासून सुरक्षित अंतरावर चूल पेटवता येईल असा निवारा हवा. बहिणींसाठी वेगळी खोली हवी.

५. निर्यातबंदीचा किंवा वाहतूक थांबवण्याचा कोणताही हुकूम निघाला, तर गाडीत भरलेल्या आणि रस्त्यावर असलेल्या मालाला तो लागू होऊ नये. बंदीच नको ही आपली मूळ मागणी आहेच. ती मान्य होईपर्यंत हे किमान.

सहा तासांनंतर खिशातून पैसा जाऊ लागला की बघा, जागा सापडेल, दुसरा काटा बसेल, ग्रेडरही वेळेवर येईल. आज या गोष्टी होत नाहीत, कारण त्या न होण्याचा खर्च समोरच्याला पडत नाही.

रात्रवही घालू

मागण्या छापून कोणी देत नाही. पुरावा लागतो. म्हणून या हंगामात प्रत्येक तालुका शाखेने आपल्या भागातल्या प्रत्येक केंद्रावर एक वही ठेवावी. तिला आम्ही रात्रवही म्हणतो. गाडीचा नंबर, गाव, माल किती, फाटकावर आली कधी, काटा झाला कधी, मधल्या रात्री किती, हॉल्टिंग किती दिले, पहिल्या दिवशी ओलावा किती आणि शेवटी किती लावला. एवढे रकाने पुरेत. खाली शेतकऱ्याची सही आणि ड्रायव्हरची सही, दोघांची. एकाची सही असली तर ती तक्रार ठरते. दोघांची असली तर तो हिशेब होतो.

शाळा शिकलेली पोरे गावोगाव आहेत, त्यांनी हे काम अंगावर घ्यावे. वही लिहायला रात्री जावे लागेल. जा. एक रात्र त्या रांगेत काढा. केबिनमध्ये बसा, ड्रायव्हरशी बोला. तो बहुतेक वेळा कोरडवाहू शेतकऱ्याचाच पोरगा निघेल. शेती परवडली नाही म्हणून बापाने एक तुकडा विकला किंवा कर्ज काढले आणि गाडी घेतली. ज्या भावाने त्याला शेतातून हुसकले, तोच भाव आता त्याच्या केबिनमागे हौद्यात भरलेला आहे.

आम्ही गेलो होतो त्या रात्री परत निघताना काकांनी हाक मारली. म्हणाले, "उद्या काटा झाला तर याचे पैसे मी देईन. पण मला एक सांगा, माझे कोण देणार?"

त्यांना आम्ही त्या वेळी उत्तर दिले नाही. जिल्हा बैठकीला येताना आपापली रात्रवही घेऊन या. सगळ्या वह्या एकावर एक ठेवू आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावर नेऊ. उत्तर तिथे मागू.